चरखीचं कुत्रं

नाव गेली त्या वर्षी चरखी घरी आली. नदीवर होती तोवर ती नावेतच असायची, तिच्याकडं वेगळं असं कुणी पाहत नसे. अंगणात बाभळीखाली आणून बसवली तेव्हा कळलं, केवढी बोजड आणि केवढी काळी आहे ती. दोन लोखंडी पाय, मधे आडवा ढोल, दोन्ही अंगांना हातानं फिरवायच्या मुठी आणि एका बाजूला दातेरी चाक. नावेचा लंगर ज्या साखळीला बांधलेला असे ती साखळी या ढोलावर गुंडाळली जायची. आजोबांनी कुठल्याशा धरणाच्या कामावरची जुनी लोखंडी नाव लिलावात घेतली, तिच्यासोबत लंगर आणि चरखी आपसूक आली. आमच्या बाजूच्या कुठल्याच घाटावर असं यंत्र नव्हतं, आणि बाबांना त्याचा अभिमान होता, पण तो ते बोलून दाखवत नसत. दर पोळ्याला लोक बैलांची शिंगं रंगवत, बाबा चरखीला तेल देत.

माझे नातू विचारतात, आजी, नदीतल्या नावेला लंगर कशाला? लंगर तर समुद्रात. त्यांनी पैनगंगा पावसाळ्यात पाहिलेली नाही. पलीकडच्या काठावरून नाव सुटली की धार तिला खाली ओढत नेई, आणि कितीही वल्ही मारली तरी ती आमच्या घाटाच्या शेदीडशे पावलं खालीच लागे. तिथं काठ उभा, चिखलाचा. गाडीबैल उतरवायला जागा नाही. मग बाबा काठाच्या अलीकडं, वरच्या अंगाला लंगर टाकत आणि आम्ही चरखी फिरवून साखळी ओढत ओढत नाव घाटाकडं वर घेत असू. बाबा एका मुठीला, माय दुसऱ्या मुठीला. मी दहा वर्षांची झाले तेव्हापासून माझंही एक काम ठरलेलं होतं. त्या दातेरी चाकाच्या अंगाला बोटभर रुंदीचा एक लोखंडी तुकडा लटकत असे. चाक पुढं फिरलं की तो एकेका दात्यावरून घसरून कट्-कट् वाजायचा, आणि चाक मागं फिरायला लागलं की दात्यात अडकून ते थांबवायचा. त्याला सगळे कुत्रं म्हणत. धरलं की सोडत नाही म्हणून म्हणत असावेत. पण आमचं कुत्रं सोडायचं. एका पुरात, नावेत दोन बैल आणि कापसाची गाडी असताना साखळीला मोठा हिसका बसला आणि कुत्र्याचं टोक उडालं. चाक उलटं गरगरलं, मुठीनं मायचा हात झटकला, आणि बाबांनी सुचलं ते केलं : कुत्र्यावर आपली टाच दाबून धरली. चाक थांबलं. त्या दिवसापासून कुत्र्यावर टाच ठेवणं हा आमच्या घरचा रिवाज झाला, आणि ती टाच माझी होती. बाबा ‘टाच!’ एवढंच म्हणायचे. मी पाय ठेवायची. उन्हात लोखंड तापलं की खाली बारदान घ्यायची. लोहाराकडून नवं करून घेऊ, असं दर वर्षी ठरायचं, आणि टाचेनं भागतंय म्हणून दर वर्षी राहून जायचं.

घर आमचं घाटावरच होतं. पहाटे मायच्या जात्याची घरघर सुरू व्हायची, तिच्यातच नदीपलीकडून कुणीतरी दिलेली हाळी यायची, ‘हो ऽऽ किसनभाऊ!’ की बाबा तोंडात पाणी घेऊन चूळ भरता भरताच निघायचे. भाकर ज्वारीची, सोबत आंबाडीची भाजी किंवा जवसाची चटणी, आणि बाबांच्या जाळ्यात काही लागलं असेल तर माशांचा तिखटजाळ रस्सा, ज्याच्यात माय कच्च्या चिंचेचा कोळ घालायची. माशांच्या दिवशी नावेतले उतारूही ओट्यावर जेवायला बसत. मराठी बोलणारे, तेलुगू बोलणारे, कापसाचे हिंदी बोलणारे दलाल. बाबांना तिघांनाही उत्तर देता येई, पण तिन्ही भाषांत ते सारखेच कमी बोलत. तेलुगू माणसं त्यांना किष्टय्या म्हणत. मला लहानपणी वाटायचं, बाबांना दोन नावं आहेत, एक या काठाचं आणि एक त्या काठाचं.

मग वरच्या अंगाला पूल झाला. पुलाबद्दल कुणाला वाईट वाटण्याचं कारण नव्हतं. बाळंतिणी वेळेवर दवाखान्यात जाऊ लागल्या, आम्हीही त्यावरूनच बाजाराला जाऊ लागलो. फक्त सकाळची हाळी थांबली. बाबा काही दिवस रोज घाटावर जाऊन बसले. नंतर एक दिवस भंगारवाले आले आणि नाव कापून घेऊन गेले. चरखी मात्र बाबांनी दिली नाही. “भंगार नाई ते,” एवढंच म्हणाले. ते तलावावर मासेमारीच्या ठेक्यात रोजानं जाऊ लागले, माय उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाऊ लागली, आणि चरखीवर कोंबड्या बसू लागल्या.

त्या उन्हाळ्यात मी नववी पास झाले होते. शाळा आठ कोसांवर नव्हती, पण आठ किलोमीटरवर होती आणि वाट पळसाच्या जंगलातून होती. आम्ही तिघी जणी मिळून पायी जायचो. माघात एकीचं लग्न झालं, वैशाखात दुसरीचं. मी एकटी उरले, आणि एकट्या पोरीनं त्या वाटेनं चालत जायचं नाही हे मायनं न भांडता सांगून टाकलं. सायकल असती तर गोष्ट वेगळी होती. सायकलवरची पोरगी झपाट्यानं निघून जाते, असं तिचं म्हणणं. सायकल मला येत होती. गावातल्या मराठी शाळेच्या गुरुजींच्या सायकलवर, नळीच्या खालून तिरका पाय घालून, मी शिकले होते. बाबा म्हणाले, “चरखीले गिऱ्हाइक पाहू. पन आंधी कुत्रं करून घेऊ लोहाराकून. त्याबिगर द्याची नाई.” बाजारात त्यांनी चार जणांच्या कानावर घातलं. मी दिवस मोजत बसले. शाळा उघडायला तीन आठवडे उरले होते, आणि लोहाराकडं जायला बाबांना तलावावरून सुटी मिळत नव्हती.

राजण्णा आला तेव्हा घरात मी एकटीच होते. विहिरी खोदणारा माणूस, बाजारहत्नूरकडचा, काळासावळा, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेला. तो सायकलवर आला आणि त्याच्या मागून त्याचा भाऊ बैलगाडी घेऊन आला, म्हणजे न्यायच्या तयारीनंच आले होते. बोथच्या अलीकडं एका शेतात त्यांचं विहिरीचं काम चालू होतं. पावसाच्या आत पाणी लागलं नाही तर आतापर्यंतचं खोदकाम ढासळून बुजणार होतं, आणि त्यांची दगडमाती वर ओढायची लाकडी यारी आदल्या दिवशी मोडली होती.

“नायना किधर है, बेटी?” त्यानं विचारलं.

“तलावावर. सांजच्याला येतील.”

“सांजतक टाइम नही.” तो चरखीभोवती फिरला. मुठी हलवून पाहिल्या, ढोलावर थाप मारली. “आज मिली तो अच्छा. नही तो कल भैंसा जाना. उधर जिनिंगवाले के पास एक है.”

तो मला घाई करायला तसं म्हणाला असेल किंवा खरंच जाणार असेल. मला एवढंच ऐकू आलं की गिऱ्हाइक उद्या भैंसा गावाला जाईल. आणि त्याची सायकल आमच्या कुडाला टेकून उभी होती. हिरवी, घंटी असलेली, मागं रुंद कॅरिअर. त्यानं एक किंमत सांगितली. मी म्हणाले, पैसे नको, ही सायकल द्या. तो हसला. भावाकडं पाहून तेलुगूत काहीतरी बोलला. मग माझ्याकडं पाहून म्हणाला, “चलाके दिखा.” हत्ती असता तरी मी चालवून दाखवला असता. बाभळीला दोन फेऱ्या मारल्या. तो म्हणाला, ठीक.

मग त्यानं जे विचारायला हवं होतं ते विचारलंच. त्या दातेरी चाकाशी उकिडवा बसला आणि कुत्र्याला बोट लावून म्हणाला, “ये कुत्ता पकडता?”

“पकडता,” मी म्हणाले.

त्याच्या भावानं दोरानं एक मोठा धोंडा बांधला, दोर बाभळीच्या फांदीवरून घेऊन ढोलाला दिला, दोघांनी मुठी फिरवल्या. धोंडा वर गेला. कट्-कट्-कट्. “हात सोडो,” राजण्णा म्हणाला. दोघांनी मुठी सोडल्या आणि धोंडा तसाच हवेत राहिला. राजण्णाची मान हलली, त्याला पटलं. मी चाकाशेजारी उभी होते, एक हात कमरेवर, आणि माझी टाच कुत्र्यावर होती. मला सवय होती, पाय आपोआप गेला, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. आपोआप नव्हता गेला. लुगड्याचा परकर शिवून घातलेला होता मी, तो मी हातानं जरासा पुढं ओढला होता, पाय झाकण्यासाठी. परकर ओढल्याचं मला आजही आठवतं.

गाडी गेली. मी दुपारभर सायकल पुसत बसले. माय तेंदूची पानं घेऊन आली, तिनं डोक्यावरचं ओझं उतरवायच्या आधीच घंटी एकदा वाजवून पाहिली आणि हसली. दिवस मावळायच्या सुमाराला बाबा आले. ते सायकलपाशी थांबले नाहीत. बाभळीखाली जमिनीत चरखीच्या पायांचे दोन खड्डे उमटले होते, त्यांच्याकडं पाहत उभे राहिले.

“कोनी नेली?”

“राजण्णानं. विहीरवाल्या.” मी सगळं सांगितलं, घाई, भैंसा, सायकल.

“अन् टाचेचं सांगतलं का त्याले?”

मी म्हणाले, “त्यानं इचारलं, कुत्रं धरते का. धोंडा लटकावून पाह्यला त्यानं. राह्यला वरतं.”

“कसा राह्यला?”

बाबांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांचा आवाज मी पुरातही चढलेला ऐकला नाही. मी जमिनीकडं पाहत म्हणाले, “माहा पाय होता.”

मायनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. तिनं एकच प्रश्न विचारला, “हिरीत खालतं कोन उतरते त्याहिच्या?”

“त्याची बायको. लच्चव्वा,” बाबा म्हणाले. “राजण्णाचा खांदा मोडला तवापासून तेच उतरते.”

नावेत कुत्रं सुटलं तर नाव वाहून खाली जाते, पुन्हा वर आणता येते. विहिरीत ते कसं असतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. दगडांनी भरलेलं टोपलं वर आलं की मुठीवरचे दोघं मुठी सोडून टोपलं काठावर ओढून घेतात. तेवढा वेळ सगळा भार एकट्या कुत्र्यावर असतो, आणि बाई टोपल्याच्या खाली उभी असते.

बाबा म्हणाले, गाडीला पोचायला रात्र होईल, उद्याचा दिवस चरखी बसवण्यात जाईल, पहाटे निघालो तर वेळेवर पोचू. मायनं ताटं वाढली. मला जेवण गेलं नाही, आणि तिनं जेव म्हटलंही नाही. निजताना मात्र म्हणाली, “भाकरी बांधून ठेवते. दोघंबी जा. सांगाचं तूच.”

पहाटे आणखी एक गोष्ट लक्षात आली. पुरात नाव घालणाऱ्या माझ्या बापाला सायकल येत नव्हती. चालत गेलो तर दिवस जाणार. मग मी पायडल मारले आणि बाबा मागं कॅरिअरवर बसले, दोन्ही पाय एका अंगाला टाकून, मांडीवर भाकरीचं गाठोडं. वेशीवर म्हातारे बसले होते. एक जण ओरडला, “काय किसन, पोरगी बापाले सासरी पोचवाले चालली का?” बाबा म्हणाले, “हो. तुमी बी चाला.” एरवी मी त्या बोलण्यावर आठवडाभर हसले असते. चढ आला की बाबा उतरून चालत, उतार आला की बसत. मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा नागपूर-हैद्राबादचे ट्रक अंगावरून जाऊ लागले, आणि प्रत्येक ट्रकच्या वाऱ्यानं सायकल हेलपाटायची. एकदा मी विचारलं, “बाबा, मारत काऊन नाई तुमी मले?” ते म्हणाले, “दर साली म्हनलो, कुत्रं करून घेऊ. कोनी केलं? मीच ना नाई केलं?”

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आम्ही रस्ता सोडून शेतातल्या गाडीवाटेला लागलो. विहीर अजून दिसत नव्हती, मातीचा ढीग तेवढा दिसत होता. आणि मला आवाज आला. कट्-कट्-कट्-कट्. त्यांनी एक दिवस वाट पाहिली नव्हती. सकाळीच चरखी बसवून कामाला लागले होते. मी जीव तोडून पायडल मारू लागले. तो आवाज मी पाच वर्षं पायाखाली ऐकलेला होता, त्यामुळं त्यात काय चुकतंय ते दोन शेतांवरून कळत होतं. चार ठोके नीट, मग एक गाळलेला. पुन्हा तीन नीट, एक गाळलेला. कुत्रं दाते सोडून उडत होतं. मग आवाज थांबला. म्हणजे टोपलं वर आलं होतं.

बाबांनी चालत्या सायकलवरून उडी मारली. मी तोल जाऊन तुरीच्या धसकटांत पडले. उठले तेव्हा पाहिलं, ते ढिगारा चढत होते, अनवाणी. वर राजण्णा आणि त्याच्या भावानं मुठी सोडल्या होत्या आणि दोघंही वाकून टोपल्याला हात घालत होते. बाबांनी त्यांना काही सांगितलं नाही, त्यांच्याकडं पाहिलंही नाही. सरळ चाकाशी गेले आणि कुत्र्यावर टाच रोवली. त्याच वेळी भावानं टोपलं ओढलं, दोराला हिसका बसला, आणि चाक एक दाता मागं सरकलं. कट्. एवढंच. बाबांची टाच तिथं होती म्हणून एवढंच.

“पट्टु! पट्टु!” बाबा म्हणाले. धरा, धरा. दोघांनी मुठी धरल्या. टोपलं काठावर आलं, दगड बाहेर पडले. बाबांच्या टाचेखालून रक्ताचा ओघळ लोखंडावरून खाली आला, आणि तरी ते पाय काढेनात. मीच जाऊन त्यांचा पाय उचलला.

लच्चव्वा दोराच्या शिडीनं वर आली. उंच, हाडापेराची बाई, साडीचा काचा मारलेला, केसांत भुकटी. काय झालं ते तिला खालून दिसलं नव्हतं. राजण्णाला दिसलं होतं. तो बाबांवर ओरडायला लागला, अर्धं हिंदी, अर्धं तेलुगू. किष्टय्या, तुझ्यावर भरोसा ठेवला, खोटा माल दिलास. बाबा ऐकून घेत होते. त्यांनी हात वर करून ‘नाही, मी नव्हतो’ असंही म्हटलं नाही. फक्त माझ्याकडं पाहिलं.

मी लच्चव्वासमोर उभी राहिले. तिला मराठी थोडंच कळायचं, आणि मला तेलुगू यायचं ते शाळेतलं, पुस्तकातलं. कवितेचं पाठांतर म्हणून दाखवताना उभे राहतात तशी हात सरळ ठेवून उभी राहिले आणि म्हणाले, “नाकु तेलुसु. चेप्पलेदु.” मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. मग कुत्र्याकडं बोट दाखवलं, माझ्या टाचेकडं दाखवलं, परकर पुढं ओढून दाखवला.

लच्चव्वानं विहिरीत वाकून पाहिलं, जिथं ती घटकाभरापूर्वी उभी होती तिथं. मग खाली बसली, गाडग्यातलं पाणी प्यायली, आणि अर्धं पाणी हनुवटीवरून गेलं. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं शेजारच्या धोंड्यावर हात आपटून म्हटलं, “कूर्चो.” बस. मी बसले. तिनं गटका काढला, म्हणजे ज्वारीच्या कण्यांचा घट्ट शिजवलेला गोळा, त्यावर चिंचेचं पाणी ओतलं आणि माझ्यापुढं ठेवलं. मी खाल्लं. आजवर मी पुष्कळ ठिकाणी जेवले, पण कुणाच्या पुढ्यात बसून खाताना घास इतका जड कधी झाला नाही.

बाबा राजण्णाला म्हणाले, “सायकल तुमची, चरखीबी तुमची. नवं कुत्रं होयेपर्यंत मी अटीच राह्यतो. टाच माही.” राजण्णा म्हणाला, सायकल मला आता कशाला, ती पोरीकडंच राहू दे, पण लोहार बोथला आहे, जाणार कोण? तेव्हा जायचं काम माझ्याकडं आलं. कुत्र्याचं माप काढलेला पुठ्ठा फडक्यात बांधून मी बोथला गेले. लोहार म्हातारा होता आणि मापाच्या बाबतीत चिकट. पहिलं केलं ते दात्यात बसेना, दुसरं बसलं पण त्याचं त्यालाच आवडेना. “हे मऊ लोखंड झालं पोरी, झिजून जाईल,” म्हणाला. शेवटी त्यानं ट्रकच्या जुन्या पाट्यातून तुकडा कापला आणि तापवून, ठोकून, तेलात विझवून तिसरं केलं. या तीन खेपांना पाच दिवस गेले. ते पाच दिवस विहीर थांबली नाही. बाबा सकाळपासून चाकाशी उभे, टाचेला फडकं गुंडाळलेलं. मी आले की मी उभी राहायची. लच्चव्वा खाली उतरायची ती उतरायचीच. आमच्याकडं पाहायची, मग काचा मारायची आणि उतरायची. तिला उतरताना पाहणं ही मला झालेली शिक्षा होती, पण तिनं ती मुद्दाम दिलेली नव्हती. पावसाच्या आत पाणी लागायला हवं होतं, म्हणून ती उतरत होती.

त्या विहिरीला पुढं पाणी लागलं, आणि त्या सायकलवर मी दहावी झाले, पुढं शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं, आणि आयुष्यभर सरकारी शाळांत शिकवलं. पोरं मला विचारायची, बाई, तुम्ही खोटं बोललात का कधी? मी हो म्हणायची. पोरं खूश व्हायची. पुढचं मी सांगत नसे; सांगायला घेतलं की परकरापाशी अडायची.

विहिरीवर सहाव्या दिवशी दुपारी नवं कुत्रं चढलं. बाबांनी ते तीनदा हातानं उचलून सोडून पाहिलं. राजण्णानं धोंडा लटकावला, धोंडा राहिला. कुणाचा पाय जवळ नव्हता. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. तेव्हा लच्चव्वा पहिल्यांदा माझ्याशी आणि बाबांशी मिळून बोलली, तिच्या तुटक्या मराठीत. “विकलं कोण? ही. मग पयलं हिला बसवा.”

राजण्णा हसण्यावारी न्यायला लागला, पण ती हसत नव्हती. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी परकर खोचला आणि टोपल्यात बसले. बाबांनी टोपल्याच्या चारी दोऱ्यांच्या गाठी तपासल्या, पुन्हा तपासल्या, मग जाऊन मूठ धरली आणि कुत्रं उचललं; खाली सोडताना ते उचलावंच लागतं, सगळा भार मुठी धरणाऱ्यांवर असतो. टोपलं काठावरून सुटलं आणि मी विहिरीच्या तोंडावर फिरू लागले. खाली सोडू लागले तसं ऊन संपलं, ओल्या मुरमाचा वास आला, भिंतीत सुरुंगाचे पिवळे ओरखडे दिसू लागले. अर्ध्यावर गेल्यावर कुत्रं पुन्हा दात्यात पडलं, कट्, आणि वरून राजण्णाचा आवाज आला, “हात सोडो.” दोघांनी मुठी सोडल्या.

मी लटकत राहिले. वर आभाळाचा एक वाटोळा तुकडा आणि त्याच्या कडेला बाबांचं डोकं. दोर करकरला आणि थांबला. खाली बघायचं धाडस झालं नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. कुणी म्हणेल दोन श्वास. त्या वेळात मला कळलं की लच्चव्वा पहिल्या दिवशी या चरखीखाली उभी होती तेव्हा तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला निदान माहीत होतं की मी कशावर बसले आहे.

मला पुन्हा वर घेतलं. पाय जमिनीला लागले तेव्हा बाबांनी काखेत हात घालून उभं केलं. लच्चव्वानं पदरानं माझ्या तोंडावरची माती पुसली, जोरानं, भांडं घासावं तशी. मग काचा आवळला आणि आपण टोपल्यात बसली. दोराच्या शिडीनं उतरणारी बाई त्या दिवशी टोपल्यात बसली. राजण्णाचा भाऊ मुठीकडं गेला, तर तिनं त्याला हातानंच बाजूला केलं आणि माझ्याकडं पाहिलं.

“नुव्वु पट्टु, बिड्डा,” ती म्हणाली. तू धर, पोरी.

मी बाबांच्या समोरची मूठ धरली. बाबांनी कुत्रं उचललं, मला मानेनं खूण केली, आणि आम्ही दोघांनी तिला सावकाश खाली सोडलं.